आधी पानी, मंग डाक्टर

"आधी पानी, मंग डाक्टर," असं म्हणत ते आमच्या लॅबच्या पायरीवर कॅन टेकवायचे. कॅन म्हणजे तेलाचा पाच लिटरचा प्लॅस्टिकचा डबा. त्याला बाहेरून गोणपाट शिवलेलं आणि ते गोणपाट सदा ओलं. कडीला सुतळीने एक स्टीलचा पेला बांधलेला. सोबत आणलेल्या पेशंटच्या हातात ते पेला भरून द्यायचे आणि तो रिकामा होईपर्यंत समोर उभे राहायचे. पेशंट म्हणायचा, "बास झाला, काका." काका पेल्यात डोकावून म्हणायचे, "बास कसा? तळाला हाय अजून."

मुरबाडच्या एसटी स्टँडच्या मागे आमची लॅब होती. दोन खोल्या, एक बाकडं, एक मायक्रोस्कोप आणि मी. मालक कल्याणला राहायचे आणि आठवड्यातून एकदा तोंड दाखवायचे. मी रोज शहापूरहून एसटीने यायची. किन्हवलीपर्यंत बसायला मिळालं तर तो दिवस चांगला म्हणायचा. दार उघडलं की बाटल्या घेतलेली माणसं आत शिरायची. दिवसभर दुसऱ्यांची लघवी तपासणाऱ्या बाईला माणसांचं फार कौतुक उरत नाही, आणि मला ते मुळातच कमी. तरी या माणसाबद्दल मी लिहायला बसले आहे, म्हणजे बघा.

नाव सांगत नाही. आमच्या रजिस्टरातही ते कधी नव्हतं, कारण ते स्वतःसाठी कधी आलेच नाहीत. टोकावड्याच्या पलीकडे, रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं गाव. त्या गावात एक रीत होती. तपासणीला, फोटोला कोणी एकट्याने जायचं नाही. घरच्यांनीही एकट्याने न्यायचं नाही. 'सोबत' लागायची. सोबत म्हणजे ज्याला रस्ता ठाऊक, दार ठाऊक आणि डॉक्टर कशाने चिडतो तेही ठाऊक, असा माणूस. गावाने हे काम त्यांच्यावर टाकलं होतं आणि त्यांनीही ते कधी खाली ठेवलं नाही. भाताची कामं सोडून ते येत. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन गेलेली. घरी फक्त त्यांची थोरली भावजय, तिला ते वैनी म्हणत. तिचं पुढे येईलच.

त्यांना हे पद मिळालं ते मुतखड्यामुळे. तरुणपणी ऐन आवणीत, भाताची लावणी चालू असताना, पोटात कळ उठली. हातातली रोपं टाकून ते चिखलात गडाबडा लोळले. लोकांना वाटलं पान लागलं, म्हणजे साप चावला. डॉक्टरने सांगितलं, खडा आहे, भरपूर पाणी पी. ते प्यायले. किती प्यायले हे सांगताना दर वर्षी विहिरीचं पाणी थोडं आणखी खाली जायचं. शेवटी एका सकाळी खडा पडला. तो त्यांनी चुन्याच्या डबीत जपून ठेवला होता. आमच्या बाकड्यावर बसलेल्या प्रत्येक माणसाला डबी उघडून दाखवत. "बघ. एवढासाच, तांदळाची कनी. पन बैलागत मानूस आडवा केला यानं. पानी पी."

नंतर मुरबाडला सोनोग्राफी आली. सोनोग्राफीवाले सांगत, पाणी पिऊन या, लघवीची पिशवी भरलेली पाहिजे. झालं. काकांचं मत आता शास्त्राने मान्य केलं होतं. फोटोला पानी लागतं, हे त्यांनी गावात पक्कं करून टाकलं. एकदा ते हात मोडलेल्या एका माणसाला घेऊन आले. एक्स-रेवाल्याकडे रांग होती म्हणून आमच्याकडे बसले. तो बिचारा कण्हत होता आणि हे पेल्यावर पेला पाजत होते.

मी म्हटलं, "अहो काका, हाडाच्या फोटोला पाणी कशाला?"

"असूं दे गो बाय. फोटो साफ येतो."

फोटो काढताना त्या माणसाला हाताचं दुखणं कमी आणि दुसरंच जास्त झालं होतं, असं एक्स-रेवाला मला नंतर सांगत होता.

मी त्यांच्यावर हसायची, चिडायचीही. पण खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचे. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हटलं की आमच्याकडच्या बाया त्याचा निर्जळी उपास करून टाकतात. भर उन्हात दोन गाड्या बदलून यायचं आणि तोंडात थेंब नाही. अशी एक पोटुशी पोर आमच्या दारातच बसली, ओठ पांढरे, डोळे वर. मी आतून धावत येईपर्यंत काकांनी तिला मांडीवर टेकवून अर्धा पेला पाजलासुद्धा होता. ती त्यांच्यासोबत आलेली नव्हती. ते कोणाच्याही पेशंटला पाणी पाजत.

माझं आणि त्यांचं भांडण लागायचं ते लघवीवरून. एकदा त्यांनी एका शेजाऱ्याला आणलं, त्याची लघवी घरूनच बाटलीत भरून. आमच्याकडे तेव्हा साखरेची तपासणी निळ्या औषधात उकळून करत. निळं हिरवं झालं, पिवळं झालं आणि शेवटी विटेसारखं लाल. एवढी साखर मी कधी पाहिली नव्हती. काकांनी शेजाऱ्याला तिथेच भात बंद केला. मला शंका आली, म्हणून बाटली नाकाला लावली. आमच्या धंद्यात हेही करावं लागतं.

"काका, ही बाटली कसली?"

"कोरी हाय ना. मध व्हता तिच्यात. धुतलीय मी."

आमच्या बाटलीत पुन्हा नमुना घेतला. साखरेचं नाव नाही. तो शेजारी पुढे कित्येक दिवस काकांना गावात 'मधवाले' म्हणत होता. काका सगळ्यांत मोठ्याने हसत. त्यानंतर ते आमच्याकडूनच कोऱ्या बाटल्या नेऊ लागले.

बाटलीचं त्यांनी ऐकलं, पाण्याचं ऐकलं नाही. मी सांगून सांगून थकले. लघवी सकाळची पहिली हवी. रात्रभर आत साठलेली, पाणी न पिता दिलेली. तुम्ही वाटेत तीन ठिकाणी पाणी पाजता आणि इथे येऊन मला नुसतं पाणी देता. त्यात मला काय दिसणार? ते मान डोलवत. मग रिपोर्टवर बोट ठेवून विचारत, "हितं काय लिवलंय?"

"निल."

"म्हनजे काय नाय. म्हनजे साफ. मंग झालं की."

निल म्हणजे 'नाही' असं नव्हे, 'मला दिसलं नाही' असं, हे त्यांना पटवायला मी बराच दम घालवला. मायक्रोस्कोप, नळी, डोळे हे सगळं ठीक. पण समोर जे येईल तेच आम्ही बघणार. पण चांगला रिपोर्ट हातात पडल्यावर कोण कोणाचं ऐकतो? तुम्ही तरी ऐकता का?

वैनीला त्यांनी दोनदा आणलं होतं, दोन-तीन वर्षांच्या अंतराने. बारकी, ताठ म्हातारी. नऊवारी पार गुडघ्यापर्यंत खोचलेली, कपाळ रिकामं, बोलणं खणखणीत. ती कोण हे काकांनीच मला सांगितलं होतं. काका जन्मले आणि त्यांची आई गेली. थोरल्या भावाच्या लग्नाला दोनच वर्षं झालेली, वैनीच्या कडेवर स्वतःचं तान्हं. तिने दोघांना अंगावर पाजलं. पुढे तिचं मूल तापात गेलं, मग नवरा गेला. उरले हे.

दोन्ही वेळा वैनीचा रिपोर्ट साफ. दोन्ही वेळा मी खाली लिहिलं होतं, लघवी फार पातळ आहे, सकाळची पुन्हा आणावी. तोंडानेही सांगितलं होतं. वैनीने मला उडवून लावलं. "मला काय धाड भरलीय? ह्याला फिरायला पायजे म्हनून मला आनतो." आणि काका समाधानाने कॅनचं झाकण लावत होते.

मग एका वर्षी थंडी सरता सरता वैनीची पाठ भरून यायला लागली. बसलं की उठवेना. काकांचं निदान तयार होतं. खडा! त्यांनी डबी काढून वैनीच्या उशाशी ठेवली, आणि पाणी सुरू केलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. वैनी शिव्या घालत प्यायची. पाय सुजले तर म्हणाले, बसून बसून सुजले. दोन पायऱ्या चढून धाप लागली तर म्हणाले, वय झालं. शेवटी अन्न उलटून पडायला लागलं तेव्हा मुरबाडच्या डॉक्टरकडे आणलं. डॉक्टरने सोनोग्राफी केली. दोन्ही मूत्रपिंडं बारीक दिसली आणि डाव्या बाजूला काहीतरी गोल. ते नीट दिसावं म्हणून कल्याणला स्कॅन सांगितलं, शिरेतून रंगाचं औषध सोडून काढतात तो. स्कॅनवाल्यांचा नियम असा की आधी रक्ताचा आणि लघवीचा रिपोर्ट आणा, मग रंगाचं बघू.

काका खुशीत होते. "आता खडा दिसंल. दिसला की काढतील. आवनीला वैनी परत बांधावर उबी राहते की नाय बघ."

वैनी बाकड्यावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. पोटात काहीच ठरत नव्हतं, पाण्याचा घोटसुद्धा उलटत होता. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने काकांचं पाणी न पिता लघवी दिली.

आमची जुनी तपासणी सोपी होती. काचेच्या नळीत लघवी घ्यायची आणि नळीचं वरचं टोक दिव्यावर धरायचं. काकांनी हे माझ्या दारात उभं राहून कितीदा पाहिलं होतं. वरचं खालच्यासारखंच नितळ राहिलं की ते माझ्याआधी "साफ" म्हणून मोकळे होत. त्या दिवशी नळी तापली आणि वरचा भाग पेजेसारखा पांढरा झाला. मी औषधाचे थेंब टाकले. पांढरं गेलं नाही, उलट दाट झालं.

"ही वैनीची हाय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मागल्या टायमाला तर साफ व्हती."

"काका, आमटीत घागरभर पाणी ओतलं तर मीठ कळेल का?"

ते नळीकडे बघत राहिले. अंगातलं जे आत राहायला हवं ते बाहेर गळतंय, असं मी सांगितलं. मग त्यांनीच विचारलं, "बांधाला चिंबोरीनं भोक पाडल्यागत?" मी म्हटलं, हो, खेकड्याने पाडल्यासारखंच, आणि एक भोक नाही. रक्ताची तपासणी व्हायला वेळ लागला. त्यात क्रिएटिनिन नावाचा कचरा मोजतात. तो मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा असतो. चांगल्या माणसात तो एकच्या आसपास असतो. वैनीचा चारच्या वर गेला होता. मी पुन्हा करून पाहिलं. तेवढाच.

रिपोर्ट समजावून सांगणं माझं काम नाही. मी कागद देते, अर्थ डॉक्टरने सांगायचा. पण कागद हातात घेऊन जो माणूस दारातून हलत नाही त्याला काय सांगणार? मी त्यांना बाहेर नेलं, वैनीला ऐकू जाणार नाही एवढ्या अंतरावर.

"एका बाजूने चांगलं गळतंय आणि दुसऱ्या बाजूने घाण आत साठतेय," मी म्हटलं. "हे महिन्याभरातलं नाही काका, बऱ्याच वर्षांचं दिसतंय."

"मंग रंगाचा फोटो?"

"रंग अंगात सोडला की तो बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडाचंच. त्याला रोजचंच झेपेना झालंय. त्याच्यावर आणखी ओझं टाकलं तर ते बसेल. डॉक्टरला विचारल्याशिवाय कल्याणची गाडी धरू नका."

"आनि रंग नाय दिला तर खडा कसा दिसंल?"

"तो रंगाशिवायही दिसतो."

डॉक्टरने रंग नको म्हणून लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी ते वैनीला कल्याणला घेऊन गेले आणि परतताना मुरबाडला उतरले. वैनीला डॉक्टरच्या बाकड्यावर बसवून तो मोठा काळा फोटो घेऊन माझ्याकडे आले. मला त्यातलं काही कळत नाही, पण सोबतच्या कागदावर सगळं होतं. डाव्या बाजूचा गोळा म्हणजे पाण्याची साधी पुळी, निरुपद्रवी. दोन्ही मूत्रपिंडं आकसलेली. खडा कुठेही नाही.

"नीट वाच," ते म्हणाले. "खडा लिवला असंल कुठंतरी."

"नाहीये काका."

"बारका असंल. कनीएवढा."

"नाहीये."

मुतखडा निघाला म्हणून रडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. मुतखडा निघाला नाही म्हणून रडणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मोठ्याने नाही. टोपी काढून तोंडावर धरली आणि खांदे हलत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "मी पाजलेला पानी सगला आतच रायला?"

दुखणं रक्तदाबाचं होतं, डॉक्टरने तसं सांगितलं होतं. ते पाण्याने झालेलं नव्हतं. पण सूज पाण्याची होती, आणि दोनदा आलेला साफ रिपोर्टही पाण्याचाच होता. दुखणं पाण्याने झालं नाही, एवढंच मी सांगितलं. सुजेचं आणि रिपोर्टचं ते स्वतःच समजले होते, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "तुमच्यामुळे नाही झालं," मी पुन्हा म्हटलं. त्यांनी मान डोलवली. मी सकाळच्या लघवीचं सांगायची तेव्हा डोलवत तशीच.

मशीनवर रक्त धुण्याचा उपाय होता, पण त्यासाठी आठवड्यातून दोनदा कल्याण गाठायचं. वैनीने साफ सांगितलं, मला मशीनला बांधायची नाय. मग गोळ्या उरल्या, मीठ बंद झालं, आणि डॉक्टरने पाण्याला मोज घालून दिली. दिवसाला दोन तांबे. चहा त्यातच, पेज त्यातच, गोळीचा घोटही त्यातच. वरून उन्हाळा तोंडावर आलेला.

चैत्रात वैनीला एसटी चढवेना, म्हणून डॉक्टरच्या सांगण्यावरून रक्त घ्यायला मीच गेले. सुट्टीचा दिवस होता. टोकावड्याला उतरले तेव्हा काका रस्त्यावर उभे होते. हातात कॅन नव्हता. त्यांना कॅनशिवाय बघून मला काहीतरी विसरल्यासारखं वाटत राहिलं. डोंगर करपून गेले होते, पायवाट तापलेली. घराशी आल्यावर ते मला आधी शेजारच्या पडवीत घेऊन गेले.

"बाय, तुजी बाटली हितं ठेव. तिला दिसंल."

त्या पडवीत दोन माठ होते. एक शेजाऱ्याचा, एक काकांचा. घरात पाणी दिसलं की वैनी मागते, म्हणून त्यांनी माठच हलवला होता. ते तिथे उभ्या उभ्या पाणी प्यायले, मला दिलं, मग पंच्याने मिशा अगदी कोरड्या पुसल्या. दोनदा पुसल्या. आणि मग घरात शिरले.

वैनी दाराजवळ खाटेवर होती. चेहरा फुगलेला, हात मात्र काडी. मी शीर शोधत होते तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"बाय, पिशवीत पानी हाय काय गो?"

"नाही आजी."

"खरा सांग."

"खरंच नाही."

तिने काकांकडे बघितलं. ते उंबऱ्याशी पाठ करून बसले होते. "मी याला अंगावर पाजलाय," ती मला म्हणाली. "माजा पोर रडत रायचा, पन याला आधी घ्यायची. बिनआयचा म्हनून. नि ह्यो मला घोट देत नाय. साऱ्या मुलखाला पाजत फिरतो नि मला देत नाय."

काका उठले नाहीत. वळलेही नाहीत. तसेच पाठमोरे म्हणाले, "चार वाजता देतो गो वैनी. चारचा ठेवलाय तुजा."

मी रक्त घेतलं, कापूस दाबला, बाहेर आले. त्यांनी ओलं फडकं तिच्या ओठांवर ठेवलेलं मी जाताना पाहिलं. एसटीत बसल्यावर मला पडवीतून परत घेतलेली माझीच बाटली उघडवेना.

वैशाखाच्या शेवटी ते लॅबमध्ये आले. एकटेच. याआधी गावाहून कोणालाच सोबत न आणता ते आल्याचं मला आठवत नाही. बाकड्यावर बसले. बायामाणसं आपापल्या बाटल्या घेऊन बसली होती, ती सरकली. मी हातातलं काम ठेवून बाहेर आले.

"वैनी गेली," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारी बसले.

"श्वास लागला व्हता. गाव जमला. सगली बोलाया लागली, आता दे रे. आता कसली मोज? आता पाज. पोटभर पाज. मी तुलशीचा पान बुडवून तोंडात धरला. मंग चमच्यानं दिला. गालावरून भायेर आला, बाय. तिला गिलताच येत नव्हता."

ते बराच वेळ बसले. मी चहा मागवला, तो तसाच गार झाला. जाताना खिशातून चुन्याची डबी काढली, तंबाखू मळला. डबीत चुना होता. खडा कुठे गेला हे मी विचारलं नाही.

मला वाटलं होतं, ते आता 'सोबत' सोडतील. सोडलं नाही. गावाने त्यांना सोडलं नाही, असंही म्हणता येईल. पाऊस संपून भात कापायला आलं तसे ते पुन्हा पेशंट घेऊन यायला लागले. कॅनही आला, तसाच गोणपाटातला. फक्त आता पायरीवर टेकवला की झाकण बंदच राहायचं. आत डोकावून विचारायचे, "बाय, हिला पानी देऊ काय?" मी सांगायची, द्या, किंवा थांबा, आधी लघवी होऊ दे, किंवा डॉक्टरला विचारून या. मग ते डॉक्टरकडे जाऊन येत. एकेका पेल्यासाठी रस्ता ओलांडून जात आणि ओलांडून येत. त्यांनी आणलेली लघवी आता सकाळची पहिली असायची. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण "तळाला हाय अजून" हे पुन्हा कधी कानावर आलं नाही, आणि त्याची मला इतकी सवय होती हे तेव्हा कळलं.

काही वर्षं अशी गेली. मग ते येईनासे झाले. त्यांच्या गावचा एक जण वेगळ्याच कामाने आला होता, त्याने सांगितलं. आवणी आटोपून घरी आले, पाय धुतले, खाटेवर पडले ते उठलेच नाहीत. कोणाला त्रास नाही, कुठली तपासणी नाही. आमच्या रजिस्टरात त्यांचं नाव शेवटपर्यंत आलं नाही.

मी अजून त्याच लॅबमध्ये होते. नळी तापवायची पद्धत गेली, पट्ट्या आल्या, रक्ताला मशीन आलं. एसटीत मात्र अजूनही किन्हवलीपर्यंत उभंच. एका उन्हाळ्यात दुपारी एक सासू सुनेला घेऊन आली. सुनेला ताप, साधा. रक्त घेऊन झालं होतं. पोर घामाने निथळत होती आणि सासूच्या हातात पाण्याची बाटली होती, पण झाकण बंद. ती दारात घुटमळत होती.

"बाय, हिला पानी पाजू काय?"

"पाजा की. विचारताय काय?"

"आमच्या गावात इचारूनच पाजायचा असतो," ती म्हणाली. "पयल्यापासनंच तसा हाय."

कुठलं गाव, ते मी विचारलं नाही. तिने झाकण उघडलं. पोर घटाघटा प्यायली आणि अर्ध्यात थांबून बाटली परत देऊ लागली.

"पाजा," मी म्हटलं. "पोटभर पाजा. तळाला आहे अजून."